सुपरग्रॅव्हिटी म्हणजे नुसती कल्पना नाही

मा. संपादक,

विश्वाच्या सुरुवातीवर पेपरात लेख आला आणि त्यात सुपरग्रॅव्हिटीचं नाव निघालं की "या सगळ्या कल्पना, तपासता येतच नाहीत" असं एक वाक्य टाकून विषय मिटवतात. हे मला अजिबात पटत नाही.

सुपरग्रॅव्हिटी म्हणजे गुरुत्वाकर्षण आणि सुपरसिमेट्री (प्रत्येक कणाला एक जोडीदार कण असतो ही कल्पना) यांना जोडणारी थिअरी, १९७६ ची, फ्रीडमन, फेरारा आणि व्हॅन न्यूवेनहुइझेन यांची. गुरुत्वाकर्षण वाहून नेणाऱ्या कणाला, म्हणजे ग्रॅव्हिटॉनला, यात एक जोडीदार कण असतो, ग्रॅव्हिटिनो. तो अजून सापडलेला नाही, एलएचसी या कण आदळवणाऱ्या मोठ्या यंत्रात पण सुपरसिमेट्रीचा एकही कण दिसला नाही, मान्य. पण हा ग्रॅव्हिटिनो बाकी कणांशी इतका कमी संबंध ठेवतो की त्याला फुटायला (दुसऱ्या कणांत बदलायला) फार वेळ लागू शकतो, म्हणजे इन्फ्लेशननंतर (सुरुवातीला विश्व क्षणात प्रचंड फुगलं त्यानंतर) विश्व खूप तापलं असेल तर हे कण भरपूर तयार झाले असणार आणि त्यांचं वस्तुमान ठरावीक टप्प्यात असेल तर पहिल्या काही मिनिटांत ड्युटेरियम (जड हायड्रोजन), हेलियम बनून झाल्यावर ते फुटणार आणि नुकतीच बनलेली अणुकेंद्रं तोडणार. प्रत्यक्षात मोजलं तर हेलियम वजनाने साधारण २५ टक्के, ड्युटेरियम हायड्रोजनच्या लाख अणूंमागे दोन-तीन, म्हणजे तोडफोड झालेली दिसत नाही. मग एकतर विश्व तेवढं तापलंच नाही, नाहीतर ग्रॅव्हिटिनोचं वस्तुमान वेगळं आहे. न सापडलेल्या कणाबद्दल इतकं ठामपणे बोलता येतं, याला तपासणी नाही तर काय म्हणायचं?

क्वांटम कॉस्मॉलॉजीचं, म्हणजे अख्ख्या विश्वालाच क्वांटमचे नियम लावण्याचं, मात्र वेगळं आहे. व्हीलर-डिविट समीकरणात अख्ख्या विश्वाचं एक वेव्ह फंक्शन (कोणती स्थिती किती शक्य हे सांगणारं गणित) असतं आणि त्यात काळच नसतो, आणि सुरुवातीची अट कोणती धरायची यावर हार्टल-हॉकिंग (१९८३) एक सांगतात, विलेंकिन दुसरंच. सुपरग्रॅव्हिटीत त्या समीकरणाचं जणू वर्गमूळ निघतं, भौतिकशास्त्रज्ञ डिरॅकने इलेक्ट्रॉनसाठी केलं होतं तसं, त्यामुळे अटी जास्त कडक होतात आणि मनाला येईल ते उत्तर चालत नाही. मला हे फार सुंदर वाटतं, पण इथे अजून थेट मोजमाप नाही आणि ते तसं स्पष्ट छापायला हवं.

तेव्हा विनंती एवढीच, पुढच्या वेळी या दोन गोष्टी वेगवेगळ्या लिहा, आणि ड्युटेरियमच्या मोजणीला निदान अर्धा कॉलम द्या, शाळेतल्या मुलांनाही ते नक्की समजेल.

— एक नियमित वाचक