मोटर तापतेय, बाळ्या

प्रिय बाळ्या,

इतके दिवस पत्र नाही म्हणून शिव्या घालशील, त्या फोनवर घाल. बीपी गोळीवर चाललंय, गुडघा आहे तसाच. आता कामाचं.

आपल्या मिलिंग मशीनच्या एक्स अक्षाचा, म्हणजे टेबल सरकवणाऱ्या मोटरला वीज पुरवणारा, जुना थायरिस्टर ड्राइव्ह अखेर गेला. जाताना फ्यूज घेऊनच गेला. कार्डाचे सुटे भाग मिळेनात, म्हणून नवा पीडब्ल्यूएम ड्राइव्ह, वीज झपाट्याने चालू-बंद करून मोटर चालवणारा, लावला आणि डीसी मोटर जुनीच ठेवली. बेल्ट काढून, करंट लिमिट तळाला ठेवून मगच पॉवर दिली. टॅकोची, म्हणजे मोटरचा वेग मोजणाऱ्या छोट्या जनित्राची, पोलॅरिटी उलटी लागली की मोटर कशी उधळते ते आपण अण्णांसमोर बघितलंय. त्यांची टोपी कुठे सापडली होती ते लिहीत नाही. या वेळी बया शहाण्यासारखी फिरली. आणि आवाज नाही रे! ती १०० हर्ट्झची घरघर गेली. २० किलोहर्ट्झचं स्विचिंग आपल्या कानांना कुठलं ऐकू यायला!

हो, तू म्हणायचास तसा टॅको ठेवलाय. नाचू नकोस. ड्राइव्हला टॅकोचं इनपुट आयतं होतं म्हणून ठेवला, तू जिंकलास म्हणून नव्हे. त्याच्या ब्रशचा कोळसा अजून मीच पुसतो.

पण मोटर तापते. पहिला संशय रिपलवर, म्हणजे करंटच्या चढउतारावर गेला, आर्मेचरचं (आतल्या फिरत्या गुंडाळीचं) इंडक्टन्स कमी असेल म्हणून. सिरीजमध्ये चोक, चढउतार दाबणारी कॉइल, टाकला. स्कोपवर करंट गुळगुळीत झाला, ताप तेवढाच. मग आर्मेचरच्या तारा सोडवल्या, शाफ्ट लेथच्या चकला जोडला आणि ६०० आरपीएमला फिरवलं. अशी फिरवली की मोटर जनित्रासारखी व्होल्ट देते; मीटरवर २१ व्होल्ट. प्लेटवर १००० आरपीएमला ४२ लिहिलेत, म्हणजे २५ यायला हवे होते. दुसऱ्या मीटरनेही तेच.

म्हणजे मोटरमधले मॅग्नेट उतरलेत, त्यांचा जोर कमी झालाय. व्होल्ट कमी तितकाच अँपिअरमागचा टॉर्क कमी. त्याच कटला १.२ पट करंट, आणि तापायचं प्रमाण वर्गाने, १.४४ पट. गंमत म्हणजे बॅटरीवर मोकळी सोडली तर प्लेटच्या हिशेबापेक्षा जास्त पळते. आमचं नवं पोरगं खूश, “सर, मोटर सुधारली!”

आता कोडं असं. मागे बेअरिंगसाठी ही बाहेर गेली होती. तिथे आर्मेचर ओढून काढलं आणि बाकावर टाकून ठेवलं, कीपर (मॅग्नेटचा जोर टिकवणारा लोखंडी तुकडा) वगैरे काही नाही. आत अल्निकोचे मॅग्नेट, असे उघडे टाकले की जोर उतरणारे! तू असतास तर हात धरला असतास त्यांचा. पण जुना ड्राइव्ह फुटताना आर्मेचरमधून जो करंट गेला असेल, त्यानेही मॅग्नेट उतरू शकतात. बेअरिंगवाल्याने घालवले असतील तर ड्राइव्हचा पीक करंट बऱ्यापैकी सोडता येईल. करंटने घालवले असतील तर तो जपून बांधायला हवा, नाहीतर पुन्हा चार्ज केलेले मॅग्नेट पुन्हा उतरतील. आत्ता पीक रेटेडच्या दुपटीवर बांधलाय. भीतीपोटी. टेबल दिशा बदलताना सुस्तावतं.

साहेब म्हणतात एसी सर्व्हो मोटर टाका. टाकू, पण फ्लँज वेगळी, शाफ्ट वेगळा, पुली नवी कातायची, आणि मोटर तर मेलेली नाही. कम्युटेटर, ब्रश घासतात तो तांब्याचा भाग, बघशील तर तपकिरी, एकसारखा, एक चरा नाही.

वहिनींचं ऑपरेशन नीट झालं ना? धाकटीच्या निकालाचं अभिनंदन, पेढे उधार.

एवढंच सांग: आर्मेचर आत ठेवूनच मॅग्नेट चार्ज करणारा तो तुझा माणूस अजून हे काम करतो का? आणि त्याच्याकडे मोटर अख्खी पाठवायची, की ब्रश काढून?

तुझा,
पक्या