वाफ्यात मांजरं येतात म्हणून डांबर गोळ्या टाकू नका

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

पाऊस गेला, ऑक्टोबरात सगळ्यांनी वाफे खणले, माती भुसभुशीत केली, कोकोपीट आणि शेणखत मिसळलं, शेवंती पिटुनिया डायंथसची रोपं लावली आणि आता सोसायट्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एकच तक्रार चालू आहे, रात्रीत मांजरं येऊन वाफा उकरून जातात, रोपं मुळासकट बाहेर आणि वर घाण करून ठेवलेली. तक्रार खरी आहे. मी पण बाग करते, सकाळी खुरपं घेऊन बसल्यावर हाताला ते लागलं की काय संताप होतो ते मला चांगलं माहितीये. पण त्या तक्रारीखाली लोक जे उपाय लिहितात ते वाचून खरंच काळजी वाटते, म्हणून हे पत्र.

डांबर गोळ्या टाका, फिनाईल शिंपडा, तिखट भुरभुरवा, उंदराचं औषध मासळीत घालून ठेवा, पोत्यात भरून लांब सोडून या. हे सगळं अगदी सहज लिहिलं जातं आणि लोक करतातही. डांबर गोळी म्हणजे नॅफ्थलीन, ती पोटात गेली की रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, मांजराच्याही आणि माणसाच्याही. बागेत लहान मुलं खेळतात, पांढरी गोळी त्यांना पेपरमिंट वाटते, आणि ज्या मुलांमधे जी-सिक्स-पीडी हे तांबड्या पेशींना जपणारं एन्झाइम जन्मतःच कमी असतं त्यांना तर याचा धोका फार मोठा असतो. बऱ्याच घरात आपल्या मुलाला ती कमतरता आहे हेच कुणाला माहीत नसतं! फिनाईलचं पण तसंच. मांजराच्या यकृताची फिनॉलसारखी द्रव्यं बाहेर टाकायची ताकद फार कमी असते, त्याच कारणाने माणसाला ताप आल्यावर देतो ती पॅरासिटामॉलची गोळी मांजराचा जीव घेऊ शकते. फिनाईलवरून चाललेलं मांजर मग बसून पंजे चाटतं आणि ते सगळं पोटात जातं. तिखट पण पंजावरून डोळ्यात जातं. आणि एक सांगा, ज्या मातीत मोगरा लावलाय, ज्या फुलांचा देवाला हार करायचा, त्या मातीत फिनाईल ओतायचं? गांडुळं पण मरतात त्याने.

कायद्याचं पण बघा. 1960 चा प्राण्यांना क्रूरतेने वागवण्याविरुद्धचा कायदा आहे त्यात पहिल्या गुन्ह्याला दंड फक्त 10 ते 50 रुपये, त्यामुळे लोकांना वाटतं काय होतंय. पण आता भारतीय न्याय संहितेत कलम 325 आहे, प्राण्याला विष घालणं, मारणं, अपंग करणं याला 5 वर्षांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. आणि लांब नेऊन उपाशी मरेल असं सोडून देणं हा त्या जुन्या कायद्यातही गुन्हाच आहे. शिवाय त्याने काही साधत नाही, एक मांजर हलवलं की तिथला उकिरडा आणि उंदीर तसेच असतात, महिन्याभरात दुसरं येतं.

आता मुळात मांजर वाफ्यातच का येतं हे समजून घेतलं तर निम्मं काम होतं. आपलं घरचं मांजर आफ्रिका आणि पश्चिम आशियाच्या कोरड्या भागातल्या रानटी मांजरापासून आलंय. विष्ठा पुरून टाकायची सवय त्याच्या रक्तात आहे आणि त्यासाठी त्याला हवी मोकळी, कोरडी, भुसभुशीत माती, म्हणजे आपण ऑक्टोबरात मेहनत करून तयार करतो अगदी तशीच. पावसाळ्यात सगळीकडे चिखल आणि गवत असतं म्हणून तेव्हा तक्रारी कमी. आणि आता शहरात उघडी माती राहिलीये कुठे, सगळीकडे पेव्हर ब्लॉक, पार्किंगला काँक्रीट, त्या मांजराने जायचं कुठे? पूर्ण आवारात उकरता येईल अशी जागा एकच, आपला वाफा.

म्हणजे मग उपाय असा की वाफा उकरता येणार नाही असा करायचा. सगळ्यात खात्रीचं म्हणजे कोंबडी जाळी, हार्डवेअरच्या दुकानात मिळते. ती वाफ्यावर सपाट अंथरायची, कडा खाली दुमडायच्या म्हणजे पंजाला आणि आपल्या हाताला तारा लागत नाहीत, रोपं लावायची तिथे पक्कडीने भोक मोठं करायचं आणि वर बोटभर माती. पंजा मारला की जाळी लागते, एकदोनदा प्रयत्न करून मांजर नाद सोडतं. झाडांची मुळं आरामात खाली जातात. शेवंती झेंडू पसरून माती झाकली गेली की जाळी असली काय नसली काय, मांजराला उघडी जमीन दिसली पाहिजे, दाट झाडीत ते बसत नाही. म्हणून रोपं लहान आहेत ते पहिले पाचसहा आठवडेच खरे जपायचे.

जाळीचा खर्च नको असेल तर गुलाबाची छाटणी आपल्याकडे ऑक्टोबरातच होते ना, त्या काटेरी फांद्या कचऱ्यात देऊ नका, वीतभर तुकडे करून रोपांच्या मधे आडव्या टाका, बोगनवेलीच्या पण चालतात. (लहान मुलं अनवाणी फिरत असतील तिथे मात्र हे नको, तिथे जाळीच बरी.) नाहीतर नारळाच्या शेंड्यांचे जाड तुकडे, विटांचे तुकडे, नदीतले गोटे, काहीही खडबडीत जे पंजाने सरकत नाही. कुंड्यांना तर गोट्यांइतकं सोपं काही नाही, पाणी पण कमी लागतं. संध्याकाळी माती ओली ठेवली तरी फरक पडतो, फक्त पाणी पानांवर नको मातीवर द्या, थंडीत पिटुनियाला लगेच बुरशी धरते.

खताकडे पण लक्ष द्या. बोनमील (हाडांची पूड) आणि मासळीचं खत घातलं की वासाने मांजरं कुत्री घुशी सगळे उकरायला येतात, त्याऐवजी निंबोळी पेंड आणि चांगलं कुजलेलं शेणखत वापरा. आणि एक गोष्ट फार कमी लोकांना माहीत आहे, पावसाळ्यात कुंपणाच्या कडेने खोकली नावाचं तण उगवतं, काही ठिकाणी खाजोटी म्हणतात, त्याचं मूळ उपटलं की मांजरं वेडी होतात, येऊन लोळतात, चाटतात. तण काढून तिथेच वाफ्यात टाकलं असेल तर तुम्ही मांजरांना आमंत्रणच दिलंय. उपटून लांब टाका. संत्र्याच्या सालींचा उपयोग होतो पण दोनतीन दिवस, वाळल्या की संपलं. आणि ते लाल निळ्या पाण्याच्या बाटल्या टांगतात ना गेटवर, त्याने काहीही होत नाही, मांजर त्याच बाटलीला अंग घासून जातं.

पण नुसतं अडवून चालत नाही, त्याला जायला जागा द्यावी लागते, आणि हे मी सगळ्यात कळकळीने सांगतेय कारण हेच कुणी करत नाही. आवाराच्या मागच्या कोपऱ्यात, जिथे फारशी वर्दळ नाही आणि वरून थोडा आडोसा आहे, तिथे दोनतीन घमेली जाड वाळू टाका. बांधकामाची उरलेली चालते. पहिल्यांदा वाफ्यातली घाण उचलून तिथे ठेवा म्हणजे वासाने मांजराला कळतं. जे लोक मांजरांना दूध चपाती घालतात त्यांनी जिन्यात किंवा वाफ्याजवळ न घालता एका ठराविक जागी, ठराविक वेळी घालावं आणि भांडं उचलावं, आणि त्या वाळूची सफाई पण त्यांनीच करावी, भूतदया करायची आणि घाण दुसऱ्याच्या बागेत हे बरोबर नाही. पाळलेली मांजरं बाहेर सोडणाऱ्यांनाही तेच सांगणं, घरात वाळूचा ट्रे ठेवा.

घाण रोजच्या रोज उचलण्याला कारण आहे. मांजराच्या विष्ठेतून टॉक्सोप्लाझ्मा नावाचा परजीवी पसरतो, पोटातल्या बाळाला त्याचा धोका असतो म्हणून गरोदर बायकांना याची भीती घालतात आणि मग मांजर हाकला म्हणून आरडाओरडा होतो. पण विष्ठेतून पडल्याबरोबर तो संसर्ग करत नाही, त्याला 1 ते 5 दिवस जावे लागतात, आणि मांजर आयुष्यभर तो पसरवत नाही, पहिला संसर्ग झाला की साधारण 1 ते 3 आठवडे. म्हणजे घाण रोज उचलली, मातीत काम करताना हातमोजे घातले, नंतर साबणाने हात धुतले, बागेतली कोथिंबीर पालक नीट धुऊन घेतला तर धोका खूप कमी होतो. गरोदर बाईने ते काम करूच नये, घरातल्या दुसऱ्या कुणीतरी करावं. बागेत काम करणाऱ्या माळीदादांनाही हातमोजे द्या, हे आपण विसरतो.

आणि मांजरं ज्यांना आवडतात त्यांनी लिलियम जातीची लिली लावू नये, बुके मधे असते ती मोठी सुवासिक. तिचे पराग अंगावरून चाटले गेले तरी मांजराच्या किडन्या निकामी होतात.

शेवटी प्रश्न संख्येचा आहेच. मांजरीची पिल्लं नऊ आठवड्यात होतात, एका वेळी तीन चार, आणि मादी पिल्लू चारपाच महिन्याचं झालं की तेही गाभण राहू शकतं. नसबंदी केलेला बोका भिंतीवर, कुंड्यांवर लघवीचे फवारे मारायचं बहुतेक वेळा थांबवतो, भांडणं कमी होतात, रात्रीचं ओरडणं कमी होतं. सोसायटीने मेंटेनन्समधून थोडे पैसे बाजूला काढून हे करून घेतलं तर दरवर्षीच्या भांडणापेक्षा स्वस्त पडेल. मुंबईत महापालिका संस्थांच्या मदतीने मांजरांची नसबंदी करते. आपल्या पुण्यात त्यासाठी कुठल्या विभागाला फोन करायचा, पकडायला पिंजरा कोण देतं, पैसे किती, ऑपरेशननंतर मांजर परत त्याच जागी कोण सोडतं, ही माहिती वॉर्डाप्रमाणे तुमच्या शहर पुरवणीत एकदा छापाल का? मी ते कात्रण आमच्या सगळ्या बिल्डिंगच्या नोटीस बोर्डावर लावायला तयार आहे.

कळावे,
एक बागप्रेमी वाचक,
सहकारनगर, पुणे