शिफारसपत्रावर सही करण्याची घाई न करणाऱ्या पाळकसाहेबांस

आदरणीय पाळकसाहेब,

ख्रिस्तात सप्रेम सलाम.

पुण्यात बिबवेवाडीच्या युनियन बिब्लिकल सेमिनरी या ख्रिस्ती धर्मशिक्षणाच्या महाविद्यालयातील माझा बी.डी.चा (बॅचलर ऑफ डिव्हिनिटी) अभ्यासक्रम आता संपत आला आहे. आपण माझ्यासाठी जे केलेत ते इतर मंडळ्यांतील (चर्चमधील) पाळकांना आणि पालकांनाही कळावे, म्हणून हे आभाराचे पत्र जाहीरपणे लिहीत आहे.

प्रवेशाच्या अर्जासोबत मंडळीचे शिफारसपत्र जोडावे लागते आणि उमेदवार ओळखीचा असला की ते सहसा मागताक्षणी मिळते. आपण मात्र माझा अर्ज वाचून बाजूला ठेवलात आणि हे पाचारण देवाचे आहे की घरच्यांच्या हौसेचे, असे विचारलेत. पुढचे वर्षभर शब्बाथशाळेचा, म्हणजे रविवारच्या धर्मशिक्षणाचा, वर्ग माझ्याकडे सोपवलात, आजाऱ्यांच्या भेटींना आणि अंत्यविधींना मला सोबत नेलेत. परतीच्या वाटेवर आपण उपदेशाबद्दल कधीच विचारत नसा. त्या घरात आता कमावणारे कोण उरले, म्हातारीचे औषधपाणी कोण पाहणार, हेच विचारत असा. त्या वेळी मला याचा थोडा रागही येई. परंतु प्रवेशाच्या मुलाखतीत 'सेवेतच का यायचे?' असा प्रश्न आला, तेव्हा माझ्यापाशी सांगण्यासारखे जे काही होते ते सारे त्याच वर्षातले होते.

वडिलांची समजूत घालणे हे काम याहून अवघड होते. मुलीने पाळक होऊन खायचे काय, हा त्यांचा प्रश्न रास्तच होता, आणि पाळकाचे वेतन किती तुटपुंजे असते हे आपण त्यांच्यापासून लपवले नाहीत. शिक्षण पुण्यात झाले तरी पदवी बंगालमधील सेरामपूरची मिळणार हे ऐकून त्यांना आपल्या जिल्ह्यातले श्रीरामपूरच वाटले होते. तेव्हा मिशनरी विल्यम केरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १८१८ साली हुगळीकाठी काढलेले कॉलेज आणि १८२७ मध्ये डेन्मार्कच्या राजाने त्याला दिलेली पदव्या देण्याची सनद, ही सगळी हकिकत आपण ओट्यावर बसून त्यांना सांगितलीत. त्यानंतर त्यांनी विरोध केला नाही.

आपण शिकलात तेव्हा सेमिनरी यवतमाळला होती. १९८३ मध्ये ती पुण्यास आली, त्यामुळे आपल्या आठवणीतले आवार मला पाहता आले नाही. दिनक्रम मात्र फारसा बदलला नसावा: चॅपल, तास, ग्रंथालय, मेस आणि शनिवार-रविवारी एखाद्या मंडळीत किंवा वस्तीत सेवाकार्य. वसतिगृहात मिझोरम, नागालँड आणि केरळच्या मुलींबरोबर राहताना भाकरीची आठवण फार येते, हेही प्रांजळपणे सांगते. शिकवणे इंग्रजीतून असल्याने सुरुवातीचे महिने कठीण गेले. आपण रोज एक अध्याय मराठी आणि इंग्रजी बायबल शेजारी ठेवून वाचायला लावला होतात, ती सवय नसती तर मी टिकले असते की नाही, याची मला शंकाच आहे. ग्रीकमधील विभक्त्या मराठी शाळेत व्याकरण घोकलेल्या मुलीला परक्या वाटत नाहीत. हिब्रू मात्र उजवीकडून डावीकडे लिहायची आणि तिची क्रियापदे तर विद्यार्थ्याची परीक्षाच पाहतात. अशा वेळी पंडिता रमाबाईंचा विचार मनात येतो. त्यांनी या दोन्ही भाषा शिकून मूळ ग्रंथांवरून बायबल मराठीत आणले, आणि ते छापून पूर्ण झाले १९२४ मध्ये, म्हणजे त्यांच्या निधनानंतर दोन वर्षांनी. त्यांचे मुक्ती मिशन असलेले केडगाव येथून जवळच असूनही या कष्टांची जाणीव मला वर्गात बसल्यावरच झाली.

फीचा उल्लेख केल्याशिवाय हे पत्र पुरे होणार नाही. कापणीच्या सणाला मंडळीने आणलेल्या धान्याचा, कोंबड्यांचा आणि भाजीचा लिलाव होतो. त्या रकमेतील काही भाग दरवर्षी माझ्या शिक्षणासाठी ठेवावा, असा ठराव आपण पंचांकडून करून घेतलात आणि आपल्या निवृत्तीनंतरही मंडळीने तो पाळला. लिलावात एकेका भोपळ्याला बाजारभावाच्या कितीतरी पट बोली लावणाऱ्या सर्वांची मी ऋणी आहे. त्यांतील अनेकांच्या स्वतःच्या मुलांचे शिक्षण अर्ध्यावर राहिलेले आहे, हे मला ठाऊक आहे.

पदवीनंतर धर्मप्रांत (बिशपांच्या देखरेखीखालील मंडळ्यांचा विभाग) पाठवील त्या ठिकाणी मी रुजू होईन. तत्पूर्वी ख्रिस्तजयंतीच्या सुट्टीत आपल्या भेटीस येईन. आपली ग्रीक व्याकरणाची वही तेव्हा परत आणते. पाळकीणबाईंना माझा सलाम सांगावा.

आपली ख्रिस्तात नम्र,
नगर जिल्ह्यातील एक विद्यार्थिनी