बग्गीच्या इंजिनाला पंखा कोण लावणार?

मा. संपादक साहेब, स. न.

गावाकडच्या पोरांनी भंगारातली स्प्लेंडर नाहीतर पल्सर उचलून शेतात पळवायची बग्गी बनवली अशा बातम्या पेपरात अधूनमधून येतात, वाचून भारी वाटतं, पण फोटो बघितला की आम्हा गॅरेजवाल्यांची नजर आधी इंजिनावर जाते आणि तिथं पंखाच नसतो.

बाईकचं इंजिन गार होतं ते समोरच्या वाऱ्यावर. बग्गीत तेच इंजिन सीटच्या मागं दडवलेलं, पुढं माणूस आणि पत्रा, त्यात चिखलात पहिल्या गिअरवर फुल रेस आणि स्पीड जेमतेम दहा-पंधरा, मग वारा येणार कुठून? ऑइल पातळ होतं, पिकअप मरतो आणि शेवटी पिस्टन जाम. ॲक्टिव्हाचं इंजिन पण असंच झाकलेलं असतं, म्हणून तर कंपनीच मॅग्नेटवर (इंजिनासोबत फिरून वीज बनवणारा भाग) पंखा आणि वरून कव्हर देते.

आता काही पोरं भंगारबाजारातून कारच्या रेडिएटरचा १२ व्होल्टचा पंखा आणून लावतात, विचार चांगला आहे, पण तो सात-आठ अँपियर सहज खातो आणि जुन्या स्प्लेंडरची बॅटरी अडीच अँपियर-अवरची, हेडलाइट पण थेट मॅग्नेटच्या एसी करंटवर चालणारा, चार्जिंगला करंट उरतो तो नावापुरता, म्हणजे पंधरा-वीस मिनिटांत बॅटरी बसलीच म्हणायची. त्यापेक्षा ड्यूक किंवा एनएस २०० या बाईकच्या रेडिएटरचा छोटा पंखा घ्या, करंट कमी खातो. आणि नुसता पंखा समोर टांगू नका हो, पत्र्याचं कव्हर करून हवा हेड (इंजिनाचा वरचा भाग) आणि सिलिंडरच्या फिन्समधूनच (गार होण्यासाठीच्या पातळ पट्ट्या) जाईल असं बघा, नाहीतर ती बाजूनं निघून जाते. रिले (पंख्याचा जास्त करंट स्विचऐवजी स्वतःवर घेणारा) आणि फ्यूज पाहिजेच. पंखा आपोआप चालू-बंद करायला कारच्या रेडिएटरचा स्विच कुणी थेट हेडवर बसवतं, तो साधारण ९०-९५ डिग्रीला चालू होणारा, हेड त्याच्या कितीतरी वर तापतं, म्हणजे पंखा कायम चालूच. तो स्विच ऑइलमध्ये बसवा.

(आणि ही बग्गी शेतातच ठेवा, रस्त्यावर आणली की आरटीओची कटकट, ते वेगळंच.)

तुमच्या वार्ताहरांना एक विनंती, पुढच्या वेळी ‘किती खर्च आला’ आणि ‘ॲव्हरेज किती’ यासोबत ‘इंजिन गार कसं ठेवता’ हे पण विचारा आणि छापा, म्हणजे वाचून बनवणाऱ्या पुढच्या पोराचं इंजिन तरी वाचेल.

आपला,
एक गॅरेजवाला वाचक