चतुर्थीला दीडच दिवस येईन

कोल्हापूर

ती. आई आणि बाबा,
साष्टांग नमस्कार.

फोनवर माझ्या साबणाच्या कामाचा विषय निघाला की बाबा गप्प होतात आणि आई 'जेवलीस काय' विचारून फोन ठेवते, म्हणून पत्र लिहिते आहे. शेवटपर्यंत वाचा, मगच दादाला फोन लावा.

कॉलेजची नोकरी मी सोडली. या वर्षीच्या तासिका घेतल्याच नाहीत. साबणाचं काम इतके दिवस सुट्टीत आणि रात्री करत होते, आता तेच पूर्ण वेळ. दुसरी गोष्ट लिहिताना हात जड होतोय. यंदा चतुर्थीला मी दीडच दिवस येईन. आदल्या रात्रीच्या एसटीने निघते, पहाटे पोचते, दुसऱ्या दिवशी दुपारचं जेवण करून परत. गौरीला मी नसेन.

कारण ऐकून घ्या. साबण ओतला की एक-दोन दिवसांत कापता येतो, पण लगेच विकता येत नाही. चार ते सहा आठवडे मांडणीवर हवेशीर ठेवावा लागतो. आतलं पाणी उडतं, वडी कडक होते, तेव्हा कुठे ती महिनाभर टिकते. चतुर्थी ते दिवाळी मध्ये जेमतेम आठ आठवडे असतात आणि दिवाळीचे डबे पंधरा दिवस आधी निघायला लागतात. म्हणजे शेवटचा घाणा नेमका गणपतीच्या दिवसांत पडतो. त्यात इथला पाऊस. दमट हवेत वड्यांना घाम सुटतो, पंखे लावून, फडक्यावर उलटून-पालटून ठेवाव्या लागतात. हे दुसऱ्या कुणावर टाकून येता येत नाही. अभ्यंगस्नानासाठी लोक जेवढा साबण घेतात, तेवढा बाकीचे कितीतरी महिने मिळून खपत नाही. आई, तू देवाला सांग की बाय कामात आहे. त्याला कळेल.

बाबा, तुम्ही म्हणणार, एम.एस्सी. करून साबणच विकायचा होता काय? तासिका तत्त्वावर मी किती वर्षं काढली ते तुम्ही बघितलंत. सुट्टीत पगार नाही, दर जूनला पुन्हा मुलाखत, आणि कायम करण्याचं ते आश्वासन. तरी नुसती नोकरी वाईट म्हणून मी इकडे वळलेले नाही. मला हे काम आवडतं, आणि माझं शिक्षण इथे रोज लागतं. एक किलो खोबरेलाचा पूर्ण साबण व्हायला साधारण 183 ग्रॅम कॉस्टिक सोडा लागतो. तेवढ्याच मुठेलाला, म्हणजे कोकमाच्या तेलाला, बरंच कमी. प्रत्येक तेलाचं प्रमाण वेगळं, मिश्रणाचा हिशेब वेगळा, आणि त्यातही मी पाच टक्के कॉस्टिक कमी घालते, म्हणजे थोडं तेल वडीत मोकळं राहतं आणि अंघोळीनंतर कातडी ओढल्यासारखी होत नाही. नुसत्या खोबरेलाचा साबण फेस छान देतो, पण अंग कोरडं करतो. हे सगळं वजनकाट्यावर आणि कागदावर ठरतं, अंदाजपंचे काही नाही.

परवान्याचं तुम्ही विचारणारच. अंगाला लावायचा साबण कायद्याने सौंदर्यप्रसाधनांत मोडतो. 2020 च्या नियमांप्रमाणे उत्पादनाचा परवाना लागतो, तो अन्न व औषध प्रशासन देतं. घरी करतो म्हणून सूट नाही. जागा राहत्या घराशी जोडलेली चालत नाही, म्हणून मालकांच्या मागच्या, वेगळ्या दाराच्या दोन खोल्या भाड्याने घेतल्या. माल रसायनशास्त्र किंवा औषधनिर्माणशास्त्र शिकलेल्या माणसाच्या देखरेखीखाली तयार व्हावा लागतो. त्या रकान्यात माझं नाव आहे, बाबा. खालची बाग तुम्ही कशासाठी दिलीत हे मी विसरलेले नाही, आणि ते वाया जाऊ दिलेलं नाही.

आई, आता तुझं. कॉस्टिक म्हटलं की तुला काकाचा हात आठवतो, मला माहीत आहे. म्हणून तुला सगळं नीट सांगते. आधी पाणी घ्यायचं आणि त्यात कॉस्टिक थोडं थोडं सोडायचं. कॉस्टिकवर पाणी कधीच ओतायचं नाही, उसळून अंगावर येतं. पाण्यात पडलं की हाताला चटका बसेल इतकं ते आपोआप तापतं, म्हणून खिडकी उघडी, डोळ्यांना चष्मा, कोपरापर्यंत हातमोजे, पायात बंद चपला. भांडं स्टीलचं. अ‍ॅल्युमिनियम त्या खोलीत मी येऊच देत नाही, कॉस्टिक ते खातो आणि वर हायड्रोजन वायू सोडतो. तुझी ती जुनी पातेली घे म्हटलं होतंस ना, म्हणून नको म्हटलं, दुसरं काही मनात आणू नकोस. आणि साबण पूर्ण झाला की त्यात कॉस्टिक म्हणून काही शिल्लक राहत नाही, सगळं तेलाशी जुळून गेलेलं असतं. तू निर्धास्त लावत जा.

या साबणात काय आहे माहीत आहे ना तुला? तुझं मुठेल. मे महिन्यात रतांब्यांच्या बिया अंगणात वाळत पडायच्या, तू आणि आजी त्या फोडून कुटायचात, पाण्यात उकळायचात, वर तरंगलेली साय निवली की मुठीत दाबून गोळे करायचात. तुझ्या चार बोटांचे ठसे प्रत्येक गोळ्यावर असायचे. थंडीत माझ्या टाचा फुटल्या की चुलीजवळ बसवून, गोळा निखाऱ्यावर धरून तो मऊ झाला की चोळायचीस, आणि मी गुदगुल्या होतात म्हणून पाय ओढून घ्यायचे. 'स्वस्थ बस गो' म्हणत पाय घट्ट धरायचीस. इथल्या बायकांना मी हेच सांगते, कोकमाचं तेल आहे, माझी आई करते. त्यांना पुष्कळ सांगावं लागत नाही. वडी कडक होते ती त्याच्यामुळे, आणि फेस दाट, सायीसारखा येतो. आता मात्र लागणारं मुठेल मी बाजारातून विकत घेते. तू एकही बी फोडायची नाहीस, तुझ्या मनगटाचं दुखणं मला वहिनीने सांगितलं आहे.

पैशाचं. शंभर ग्रॅमची वडी 140 रुपयांना जाते. दुकानात चाळीस रुपयांत साबण मिळतो हे मान्य, पण ज्यांना त्याने अंग खाजतं ते पुन्हा माझ्याकडे येतात. तारकर्लीचे दोन होमस्टेवाले पाहुण्यांसाठी छोट्या वड्या नेतात. तेलाचे भाव चढले तेव्हा नफा कमी झाला, खोटं कशाला सांगू, पण तोटा झाला नाही. साबणावरचा जीएसटी 22 सप्टेंबर 2025 पासून 18 चा 5 टक्के झाला, पेपरात वाचून तुम्हीच फोन केला होतात. मी अजून नोंदणीच्या मर्यादेच्या खूप खाली आहे. कर्ज काढलेलं नाही. घरावर, जमिनीवर कसलाही कागद नाही. आणि बाबा, नानांच्या दुकानाचं मनात आणत असाल तर एवढंच सांगते, मी उधारी देत नाही. ओळखीच्यालाही नाही.

माझ्या खाण्यापिण्याची काळजी नको. सकाळी न्याहारी, दुपारी डबा, रात्री मालकीणबाईंची भाकरी बहुतेक वेळा असतेच. झोप कॉलेजच्या दिवसांपेक्षा जास्त होते. आरोग्यविमा चालू आहे.

आता माझं ऐका. बाबा, तेलाचा डबा घेऊन एसटी स्टँडवर जायचं नाही. हवं असेल तर मी मागेन आणि रिक्षावाला नेईल. साखर तपासायला पंधरा तारीख म्हणजे पंधराच, आणि तळपायाला चीर किंवा जखम दिसली तर त्यावर माझा साबण, मुठेल, हळद काही लावत बसू नका, थेट डॉक्टरांना दाखवा. साखरवाल्यांचे पाय लवकर भरून येत नाहीत. न्हाणीत रबरी मॅट टाका, पार्सलमध्ये पाठवली आहे. साबणाचं पाणी तिथे साचतं, ते रोज सकाळी खराट्याने काढायला सखूला सांगा, आई तू वाकायचं नाहीस. वडी ओलीच ठेवू नका, लाकडी जाळी दिली आहे तीवर ठेवा, नाहीतर आठवड्यात विरघळेल आणि मग म्हणाल साबण टिकत नाही.

तुमच्या वड्यांवर वेगळी चिठ्ठी आहे. तुमची कातडी आता पातळ झाली आहे, म्हणून त्यात तेल जास्त मोकळं ठेवलं आहे आणि वास अजिबात घातलेला नाही. आई, तुला मोगरा हवा होता, पण तुझ्या मानेवरचा चट्टा पूर्ण गेल्याशिवाय नाही.

चतुर्थीचे मोदक एकटीने करायला घेऊ नकोस. वहिनी तीन दिवस आधी येणार आहे, तिला सारण करू दे, उकड मी पहाटे पोचले की काढते. माझ्या वाटचे बांधून ठेवू नका, सगळ्यांबरोबर बसून खाईन. दिवाळीचं काम संपलं की भाऊबीजेला येते आणि तुळशीच्या लग्नापर्यंत राहते. दादाला तसं सांगून टाका, आणि बाबा, रविवारी फोन तुम्ही करा, आईच्या हातात देऊ नका.

तुमची
बाय