बाजार एक, मजुरी दोन

1 मे 2025

मा. केंद्रीय ग्रामविकास मंत्री महोदय,
सप्रेम नमस्कार.

मी चंदगड तालुक्यातली. आमच्या शिवाराला लागूनच कर्नाटक सुरू होतं. रोजगार हमीवर जाणाऱ्या बायांचे काममागणीचे अर्ज मी भरून देते. परवा पाणंदीच्या कामावर भाकरी सोडता सोडता एका काकींनी विचारलं, "माझी धाकटी बहीण बेळगाव तालुक्यात दिलीया. तीबी मातीच उचलती, मीबी मातीच उचलती. मग तिला पैसे जास्त कसे?"

मला उत्तर देता आलं नाही, म्हणून हे पत्र.

1 एप्रिल 2025 पासून मनरेगाची, म्हणजे केंद्राच्या रोजगार हमीची, रोजची मजुरी महाराष्ट्रात 312 रुपये झाली, कर्नाटकात 370. या दरानं सहा दिवसांच्या आठवड्याचे काकींना 1,872 मिळतात, बहिणीला 2,220; तेही मोजमाप पुरं भरलं तर. फरक 348 रुपयांचा, म्हणजे काकींच्या एका दिवसाच्या रोजापेक्षाही जास्त. तिलारी घाट उतरून गोव्यात गेलं तर 2025-26 चा दर 378. आणि दोघी बहिणी तेल, डाळ, मिरची आणतात ती बेळगावच्याच बाजारातून, एकाच भावानं.

जानेवारी 2011 मध्ये हे दर महागाईला जोडले, तेव्हा महाराष्ट्राचा दर 127 होता, कर्नाटकाचा 125. आम्ही दोन रुपयांनी पुढे होतो, साहेब! 2025 च्या दरात 58 रुपयांनी मागे पडलो. वाढ आदल्या दरावरच मिळते, त्यामुळे मागे पडलेला मागेच राहतो. शिवाय 2025 ची वाढ ज्या शेतमजूर निर्देशांकावर (शेतमजुरांच्या घरखर्चाची महागाई मोजणारा आकडा) ठरली, त्याचं आधारवर्ष 1986-87 होतं, म्हणजे खर्चाची यादी तेव्हाची. मोबाइलचं रिचार्ज, गॅसची टाकी हे खर्च तेव्हा काकींच्या घरात नव्हतेच. त्याऐवजी सगळ्या ग्रामीण घरांची महागाई मोजणारा ग्रामीण निर्देशांक वापरा, असं केंद्राच्याच नागेश सिंह समितीनं 2017 मध्येच सांगितलं होतं.

सीमेवरच्या तालुक्यांत शेजारच्या राज्याचा दर जास्त असेल, तर तोच लागू करा. मनरेगा कायद्याच्या कलम 6 मध्ये वेगवेगळ्या भागांना वेगळा दर देण्याची सोय ठेवली होती. 2025 च्या दरांत हिमाचलातल्या अनुसूचित (आदिवासी) क्षेत्राला तसा दर होता, सिक्कीमच्या तीन ग्रामपंचायतींनाही होता. मग चंदगडला का नको?

आणि 2025 मध्ये महाराष्ट्राला 15 रुपयांची वाढ, कर्नाटकाला 21 रुपयांची, हा हिशेब कसा केला तो मराठीतून जाहीर करा. मी तो काकींना कामावर वाचून दाखवीन.

आपली,
चंदगड तालुक्यातील एक कार्यकर्ती