भिशी जमते, मग गिऱ्हाईक वाटून घेणं का जमत नाही?

मा. संपादक साहेब, स.न.वि.वि.

बाजारपेठ बसली म्हणून पत्रं येतात ती मी वाचतो, कोण म्हणतं ऑनलाईननं बसवली, कोण म्हणतं मॉलनं, कोण म्हणतं महाद्वार रोडला गाडी लावायला जागा नाही म्हणून बसली. सगळं खरंच आहे, माझा गल्ला पण काय वेगळं सांगत नाही. पण एक गोष्ट कोण लिहीना म्हणून मी लिहितोय, ती अशी की आम्ही दुकानदार एकमेकाला गिऱ्हाईक देतच नाही. शेजारच्याचं दुकान कुठं आहे विचारलं तरी तोंड वाकडं करून हात दाखवणारे आम्ही.

माझं मिरची कांडप आहे लक्ष्मीपुरीत, आणि कांदा लसूण चटणी करून विकतो. मार्च ते मे नंबर लागतात, बायका डबे घेऊन बसलेल्या असतात, ब्याडगी किती घालू संकेश्वरी किती घालू यावरनं भांडणं होतात, तेव्हा मला मार्केटिंग वगैरे काय सुचत नाही. पाऊस पडला की संपलं. मग बाकीचं वर्ष बाहेरच्या गिऱ्हाईकावर काढायचं, म्हणजे शनिवार रविवारी येणाऱ्या पुण्यामुंबईच्या गाड्यांवर. ती गाडी काय करते बघा, बिंदू चौकात पार्किंग, अंबाबाईचं दर्शन, मिसळ, चप्पल लाईनीत दोन जोड, दुपारी तांबडा पांढरा, संध्याकाळी रंकाळा नाहीतर पन्हाळा, रात्री लॉज आणि सकाळी जोतिबा करून पसार. म्हणजे एकच कुटुंब आमच्यातल्या सहा सात जणांचं गिऱ्हाईक आहे, आणि त्याला गाठायला सहा सात जण वेगवेगळा खर्च करतात. लॉजवाला ॲपला कमिशन देतो, चप्पलवाला इन्स्टावर पैसे घालवतो, मी पेपरात पत्रकं टाकतो (तुमच्या पण पेपरात टाकली, घडी न मोडता रद्दीत गेलेली स्वतःच्या डोळ्यानं बघितली).

२०२५ च्या जूनमध्ये मिलानला प्राडा या इटलीच्या फॅशन कंपनीच्या शोमध्ये आपल्यासारखी चप्पल दिसली आणि देशभर बोंब झाली, तेव्हाची गोष्ट. त्या आठवड्यात मला, म्हणजे चटणीवाल्याला, बाहेरगावच्या पाहुण्यांचे फोन, खरी कोल्हापुरी कुठं मिळेल, कुणाकडनं घेऊ, पाठवता काय. मी नाव सांगितलं, पण पाठवायला ना त्याचे फोटो होते माझ्याकडं, ना भाव, ना पायाचं माप कसं घ्यायचं ते. सगळ्या देशाचं लक्ष आपल्यावर होतं आणि आमचं एकमेकांत काय ठरलेलंच नाही. ते मनाला लागलं.

मग आमच्या भिशीत विषय काढला. भिशीत एक लॉजवाला आहे, एक चप्पलवाला, एक गुळवाला, आणि मिसळवाल्याला बाहेरनं घेतला. पाच जणांनी एक कार्ड छापलं, पत्त्याच्या पानाएवढं, एका बाजूला पाच दुकानांचा नकाशा आणि दुसऱ्या बाजूला शिक्क्याला पाच चौकोन. लॉजवर खोलीची किल्ली देताना कार्ड द्यायचं, तिथनं पुढं प्रत्येक दुकानात शिक्का. दोनशे छापली, महिन्याभरात चाळीसच्या आसपास माझ्यापर्यंत पोचली. लोक हसले, चाळीस म्हणजे काय. अहो पण ही चाळीस कुटुंबं माझ्या बोळात कधी वळलीच नसती, आणि चटणी घेणारा अर्धा किलोच्या खाली घेत नाही, शिवाय संपली की फोन करतो.

पहिली चूक आम्ही केली ती दहा टक्के सूट. सूट म्हटलं की आमच्यातल्या एकानं, नाव लिहीत नाही, परत तोंड बघायचं आहे, त्यानं आधी भाव चढवला आणि मग दहा टक्के कमी केला. गिऱ्हाईकानं दोन दुकानं पुढं जाऊन तोच माल स्वस्त बघितला आणि परत येऊन भांडलं कुणाशी, तर लॉजवाल्याशी, कारण कार्ड त्यानं दिलेलं. त्या दिवशी कळलं की दुसऱ्याचं नाव आपल्या कार्डावर छापलं म्हणजे आपली अब्रू त्याच्या गल्ल्यात ठेवली. आता सूट बंद, वर काहीतरी द्यायचं. मी पन्नास ग्रॅम चटणी देतो, चप्पलवाला चामड्याला लावायला तेलाची छोटी बाटली देतो आणि पहिले चार दिवस कसं लावायचं ते सांगतो, गुळवाला गुळाचा खडा हातावर ठेवतो, मिसळवाला जादा कट देतो, तो तर सगळ्यांना देतोच म्हणा.

दुसरा घोळ क्यूआर कोडचा. पाच दुकानांचा मिळून कोडचा एक बोर्ड केला, पैसे पाच जणांचे, पण डिझाईन एकाच्या पुतण्यानं केलं, आणि कोड स्कॅन केला की उघडायचं फक्त काकाचंच दुकान. दोन महिने सगळे रिव्ह्यू तिकडंच गेले आणि आम्ही चौघं आपल्या बोर्डाकडं बघून खूष. भांडण नाही झालं, पण त्या महिन्यात भिशीचा चहा जरा गार होता.

तेव्हापासनं वहीत लिहून ठेवतोय, भिशीसारखंच. बोर्डाचा खर्च किती, कुणी किती दिला, शिक्के कुणाकडं किती पडले, कोण सोडून गेला तर त्याचं नाव कधी काढायचं आणि उरलेल्या कार्डांचं काय करायचं. एक पान पुरतं. आमच्या गल्लीत लाखाची भिशी तोंडी शब्दावर वर्षानुवर्षं चालते, कोण बुडवत नाही, कारण कुणाचा नंबर कधी हे पहिल्या दिवशी सगळ्यांना माहीत असतं. धंद्यात मात्र 'बघूया की', 'होईल की' करून सुरू करतो आणि तिथंच फाटतं.

दिवाळीला तर अजून मोठा धडा मिळाला. ठरलं की चप्पल, गूळ, चटणी एका डब्यात घालून एक किंमत लावायची, डबा लई भारी दिसत होता. सीएकडं गेलो तर तो म्हणाला थांबा. वेगवेगळ्या वस्तू एका किमतीत बांधून विकल्या की त्यात ज्या वस्तूचा जीएसटी सगळ्यात जास्त त्या दरानं अख्ख्या डब्यावर कर लागतो. सप्टेंबर २०२५ पासनं अडीच हजारापर्यंतच्या चपलेला ५ टक्के आणि त्याच्या वर १८, म्हणजे तीन हजाराची चप्पल डब्यात घातली की माझ्या ५ टक्क्याच्या चटणीला पण १८ टक्के. वर बिल कुणी फाडायचं हा प्रश्न वेगळा, चप्पलवाल्यानं फाडलं तर त्यानं माझ्याकडनं माल रीतसर विकत घ्यायला पाहिजे. आणि आमच्यातले दोघं कंपोझिशनमध्ये, म्हणजे छोट्या धंद्यांसाठीच्या जीएसटीच्या सोप्या योजनेत, त्यांना राज्याबाहेर माल पाठवता येत नाही, आता निपाणी बेळगाव आपल्याला राज्याबाहेर कधी वाटलंय काय, पण कायद्याला वाटतं. शेवटी डबा रद्द, पिशवी एक आणि त्यात तीन वस्तू, तीन किमती, तीन बिलं. दिसायला डब्याची मजा नाही पण झोप लागते.

व्हॉट्सॲपचं पण तसंच. एकानं सुचवलं सगळ्यांची गिऱ्हाईकांची यादी एकत्र करून मेसेज सोडूया. मी नाही म्हटलं. माझ्याकडं बाईनं नंबर दिला तो चटणी झाली की कळवा म्हणून, लॉजची ऑफर पाठवा म्हणून नाही. आणि ब्रॉडकास्ट लिस्टमध्ये एका वेळी २५६ च लोक बसतात, त्यातही ज्यानं आपला नंबर सेव्ह केलाय त्यालाच मेसेज जातो, त्यामुळं उचललेल्या नंबरांचा तसाही उपयोग शून्य. ज्यानं त्यानं आपल्या माणसांना दुसऱ्याबद्दल दोन ओळी लिहायच्या, तेवढ्या चालतात.

आता कोण म्हणेल हे सगळं पोरखेळ आहे. असेल. पण ज्या जिल्ह्यात १९६३ पासनं गावोगावचं दूध एका संघात गोळा होतं तिथं पाच दुकानांना एका कार्डावर यायला एवढं जड का जावं? कोल्हापुरी चपलेचं जीआय, म्हणजे हा माल याच भागाचा अशी सरकारी नोंद, २०१९ ला मिळालं ते महाराष्ट्राचे चार आणि कर्नाटकचे चार अशा आठ जिल्ह्यांना मिळून. बेळगाववरनं एवढी वर्षं भांडणारी दोन राज्यं चपलेसाठी एका कागदावर आली, आणि आमच्या चप्पलवाल्याला समोरचा चप्पलवाला कार्डावर चालत नाही. ते मात्र मला पटतं बरं का, एकाच मालाचे दोघं एका कार्डावर घेऊच नयेत, गिऱ्हाईक एक आणि माल वेगळा असेल तरच जमतं. समोरासमोरच्यांनी नवरात्रात रस्त्यावर मांडव नाहीतर लाईटिंग एकत्र करावं, कार्ड नको.

व्यापारी संघटनांनी सत्कार, डिजिटल फलक यातनं वेळ काढून एवढंच करावं, नवीन दुकानदाराला जुन्या चार जणांच्या समोर बसवावं आणि एका पानाचा नमुना करार द्यावा. बाकी आम्ही बघतो.

आणि साहेब, एक काम तुमच्याकडं. मागं मी एका पेपरला फोन केला होता, पाच जणांत मिळून पाव पान जाहिरात द्यायची होती, तर पलीकडनं म्हणाले नाव एकच येईल, बिल एकाच जीएसटी नंबरवर निघेल, बाकीच्यांचं तुमचं तुम्ही बघा. तुमच्या जाहिरात विभागाला जरा विचारून ठेवता काय, पाच नावं आणि पाच बिलं चालतील काय? श्रावणाच्या आधी कळलं तर बरं, नवरात्राची कार्डं तेव्हाच छापायला टाकतो.

आपला,
एक चटणीवाला, लक्ष्मीपुरी, कोल्हापूर